ड्रॅक्युला, वेताळ आणि ‘कशावरून?’

१/
‘ड्रॅक्युला म्हणजे मुळात आपलाच वेताळ. इंग्रजांनी तो उचलला आणि त्याच्या अंगावर काळा झगा चढवला.’ या आशयाचा संदेश गेले काही दिवस पुन्हा फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन गटांतून आला, त्यांतला एक अंबरनाथ-बदलापूरच्या इतिहासप्रेमींचा. आजचा धागा या एकाच विधानाविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी एक कबुली. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात हेच विधान मी एका निबंधात मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते. बाईंनी निबंध परत दिला तेव्हा त्या वाक्याशेजारी लाल शाईत एकच शब्द होता : ‘कशावरून?’ उत्तर माझ्यापाशी नव्हते. दोघेही रात्री वावरतात, दोघांचाही प्रेतांशी संबंध आहे, एवढ्यावरच मी निष्कर्ष काढला होता. पुढे उत्तर शोधताना जे सापडले ते मूळ विधानाहून कितीतरी रंजक निघाले.

३/
वेताळापासून सुरुवात करू. त्याच्या कथेचा काळ आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका दगडाशी ताडून पाहता येतो.

वालधुनी नदीकाठचे अंबरनाथचे शिवमंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. मंदिरातील शिलालेखात शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आणि शके ९८२ हे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन १०६०. हे वर्ष पहिल्या वाचनात शके ७८२ असे लागले होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असल्याचे दाखवून दिले. एका अंकाच्या चुकीने मंदिर दोनशे वर्षे मागे गेले होते. ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारणारा माणूस काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्या दारातच आहे.

४/
ज्या वर्षांत अंबरनाथचे पाथरवट दगडात मूर्ती कोरत होते, साधारण त्याच काळात काश्मीरमध्ये सोमदेव नावाचा कवी राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी ‘कथासरित्सागर’ रचत होता. अभ्यासक या ग्रंथाचा काळ इसवी सन १०६३ ते १०८१ यांच्या दरम्यान मानतात. वेताळाच्या पंचवीस कथा या ग्रंथात येतात. सोमदेवाच्या थोडे आधी क्षेमेंद्रानेही त्या ‘बृहत्कथामंजरी’त सांगितल्या होत्या.

५/
या काश्मिरी ग्रंथातला वेताळाचा राजा कुठला? तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. सोमदेव त्याला त्रिविक्रमसेन म्हणतो. लोकांच्या तोंडी पुढे तोच ‘विक्रम’ झाला आणि उज्जैनच्या विक्रमादित्याशी जोडला गेला. दूरदर्शनवर १९८०च्या दशकात अनेक घरांनी पाहिलेला ‘विक्रम और बेताल’ याच कथांवर बेतलेला होता.

६/
कथेची चौकट थोडक्यात अशी. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू राजाला रोज एक फळ देतो. फळांत रत्ने निघतात. त्या उपकाराच्या बदल्यात तो राजाकडे एक काम मागतो : रात्री स्मशानात यायचे आणि शिंशपा वृक्षाला लटकलेले प्रेत खांद्यावरून घेऊन यायचे. प्रेतात वेताळ शिरलेला आहे. वाटेत तो गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडे घालतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसावे तर डोके फुटणार, बोलावे तर वेताळ पुन्हा झाडावर जाणार.

७/
राजा पुनःपुन्हा झाडाकडे परततो. शेवटच्या कोड्यापुढे तो निरुत्तर होतो तेव्हा वेताळ प्रसन्न होतो आणि खरे कारस्थान उघड करतो. भिक्षूला राजाचाच बळी द्यायचा आहे. वेताळाच्या सांगण्याप्रमाणे वागून राजा त्या भिक्षूचे मस्तक उडवतो.

इथे थोडे थांबून पाहा. या कथेत रक्ताची तहान कोणाला आहे? भगव्या वेषातल्या माणसाला. प्रेतातला वेताळ राजाचा जीव वाचवतो.

८/
रक्ताचा एक प्रसंग या कथापरंपरेत आहे, पण तो वेगळाच. कथासरित्सागराचे मूळ मानली जाणारी ‘बृहत्कथा’ गुणाढ्याने पैशाची भाषेत रचली, अशी परंपरा आहे. सातवाहन राजाच्या पदरी असलेला गुणाढ्य एका पैजेत हरला. संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून तो विंध्याच्या अरण्यात गेला. तिथे शाई नव्हती, म्हणून सात लाख श्लोक त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिले. राजाने ते नाकारले तेव्हा एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत त्याने सहा लाख श्लोक अग्नीत टाकले. उरले एक लाख. ही दंतकथा आहे, इतिहास नाही. तरी पिशाचांच्या भाषेत रक्ताने लिहिलेला ग्रंथ ही कल्पना कोणत्याही भयकथेला पुरून उरेल.

९/
पैठणची गोष्ट काश्मीरला पोहोचली कशी, असा प्रश्न काहींना पडेल. वाटा होत्या. आपल्याच उत्तर कोकणच्या शिलाहारांचा दाखला घ्या. बाराव्या शतकात राजा अपरादित्याने तेजकंठ नावाच्या पंडिताला काश्मीरला दूत म्हणून पाठवले. तिथल्या विद्वत्सभेत तो उपस्थित होता, याची नोंद मंख कवीच्या ‘श्रीकंठचरित’ या काव्यात आहे. अंबरनाथच्या मंदिरानंतर शंभर वर्षे उलटण्याच्या आत कोकणचा माणूस काश्मीरच्या कवींमध्ये बसला होता. माणसे जातात तिथे कथाही जातात. कोणती कथा कोणाबरोबर गेली, हे मात्र प्रत्येक वेळी पुराव्याने दाखवावे लागते.

१०/
आता वेताळ इंग्रजीत कसा गेला ते पाहू. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातून १८०५च्या सुमारास लल्लूलाल आणि मज़हर अली खाँ ‘विला’ यांची हिंदुस्तानी ‘बैताल पच्चीसी’ तयार झाली. साहेबांना भाषा शिकवण्यासाठी ती अनेक वर्षे वापरली गेली. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० मध्ये मुंबईत छापली गेली. मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या गद्य पुस्तकांत तिची गणना होते. छत्र्यांनी वेताळाला वेताळच ठेवले. वाचकाला त्याची ओळख करून देण्याची गरजच नव्हती.

११/
ती गरज पडली रिचर्ड बर्टनला. बर्टन १८४२ मध्ये मुंबईत उतरला आणि १८व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीत दाखल झाला. भाषांचा त्याला विलक्षण नाद होता. हिंदुस्तानी, गुजराती आणि मराठीच्या परीक्षा तो उत्तीर्ण झाला. पुढची काही वर्षे सिंधच्या मोजणीखात्यात काढून त्याने सिंधवर १८५१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.

उल्हासनगरच्या वाचकांसाठी हे मुद्दाम. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या कल्याण कॅम्पला ८ ऑगस्ट १९४९ रोजी ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. त्या कुटुंबांच्या मूळ मुलखातील लोककथा आणि चालीरीती इंग्रजीत सविस्तर नोंदवणाऱ्या आरंभीच्या लेखकांपैकी बर्टन एक होता. त्याच्या नोंदींत साहेबी तोरा आणि पूर्वग्रह भरपूर आहेत. त्या जपूनच वाचाव्या लागतात.

१२/
१८७० मध्ये बर्टनने बैताल पच्चीसीतील निवडक अकरा कथा इंग्रजीत आणल्या. हे भाषांतर मुळाला धरून नाही. त्याने त्यात स्वतःची भर सढळ हाताने घातली. पुस्तकाचे नाव ठेवले ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’. लंडनच्या वाचकाला ‘वेताळ’ कळला नसता, ‘व्हॅम्पायर’ लगेच कळला असता. आज फिरणाऱ्या संदेशाचे बीज त्या शीर्षकात आहे. वेताळ त्या दिवशी इंग्रजीत व्हॅम्पायर झाला, तो एका लेखकाच्या शब्दनिवडीमुळे.

१३/
बर्टनने वेताळाचे रूपही तसेच रंगवले : फांदीला उलटा लोंबकळणारा, मोठ्या वटवाघळासारखा, स्पर्शाला सापासारखा थंड. आता एक प्राणिशास्त्रीय तपशील ध्यानात घ्या. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात केवळ तीन जाती आहेत आणि त्या तिन्ही अमेरिका खंडात आढळतात. आपल्याकडे वडा-पिंपळावर उलटे लटकणारे मोठे वटवाघूळ फळे खाते. त्या अमेरिकी वटवाघळांना ‘व्हॅम्पायर’ हे नाव युरोपीयांनीच आपल्या पिशाचावरून दिले. म्हणजे आधी पिशाच, मग वटवाघूळ, मग वटवाघळासारखा वेताळ. एकच शब्द तीन खंड फिरून आला.

१४/
आता संदेशवाल्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मांडते. तो लपवणे बरोबर होणार नाही.

‘ड्रॅक्युला’चा लेखक ब्रॅम स्टोकर बर्टनला प्रत्यक्ष ओळखत होता. स्टोकर मूळचा डब्लिनचा. लंडनच्या लायसियम नाट्यगृहात तो अभिनेता हेन्री अर्व्हिंगचा व्यवस्थापक होता. १८७८ मध्ये त्याची बर्टनशी पहिली भेट झाली, पुढे दोघे काही वेळा एकाच टेबलावर जेवले. अर्व्हिंगच्या आठवणींचे पुस्तक स्टोकरने १९०६ मध्ये प्रसिद्ध केले. बोलताना बर्टनचा वरचा ओठ उचलला जाई आणि त्याचा सुळा खंजिरासारखा चमके, असे वर्णन त्यात आहे.

१५/
सुळा वाचून अंगावर काटा येतो. माझ्याही आला. सगळे जुळले असे वाटते : वेताळ, बर्टन, सुळा, ड्रॅक्युला.

पण ‘कशावरून?’ हे वर्णन कादंबरीनंतर नऊ वर्षांनी छापले गेले. कादंबरी २६ मे १८९७ रोजी आली होती. लेखकाला बर्टनवरून ड्रॅक्युला सुचला, की ड्रॅक्युला लिहून झाल्यावर जुना बर्टन तसा आठवला? आठवण मागाहून लिहिलेली असते. इतिहासाचा विद्यार्थी त्या तारखेकडे पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

१६/
सुदैवाने याहून चांगला साक्षीदार उपलब्ध आहे. कादंबरीसाठी स्टोकरने स्वतः काढलेली टिपणे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या रोझनबाख संग्रहालयात जपलेली आहेत. त्यांतील सर्वांत जुनी तारीख मार्च १८९० ची आहे. आपण कोणती पुस्तके वाचली याची यादीही स्टोकरने केली आहे : कार्पेथियन पर्वताची प्रवासवर्णने, लांडगामाणसांवरचे पुस्तक, ट्रान्सिल्व्हेनियातील लोकसमजुतींवरचा एमिली जेरार्डचा १८८५ चा लेख. इझाबेला बर्डचे मलायावरील प्रवासवर्णनही त्या यादीत आहे. बर्टनच्या विक्रम-वेताळाचे नाव नाही.

१७/
टिपणांतून आणखी एक गोष्ट कळते. आरंभी नायकाचे नाव ‘काउंट वाम्पिर’ असे होते आणि त्याचा मुलूख होता ऑस्ट्रियातील स्टायरिया. १८९० च्या उन्हाळ्यात स्टोकर इंग्लंडच्या किनाऱ्यावरील व्हिटबी गावी राहिला. तिथल्या वाचनालयात त्याने विल्यम विल्किन्सनचा वालाकिया आणि मोल्डेव्हिया या संस्थानांवरचा १८२० चा ग्रंथ वाचला. त्यात तुर्कांशी लढलेल्या ड्रॅक्युला नावाच्या सरदाराचा ओझरता उल्लेख आहे आणि एक तळटीप आहे : वालाकियाच्या भाषेत या शब्दाचा अर्थ सैतान. स्टोकरने ती उतरवून घेतली. ‘वाम्पिर’ खोडले गेले, ‘ड्रॅक्युला’ आला.

१८/
मग व्लाड? वालाकियाचा राजा तिसरा व्लाड पंधराव्या शतकातला, १४३१ च्या सुमारास जन्मलेला, शत्रूंना सुळावर चढवण्याबद्दल कुप्रसिद्ध. त्याचा बाप १४३१ मध्ये ‘ड्रॅगन’ नावाच्या सरदारसंघात सामील झाला, म्हणून ‘ड्रॅकुल’ म्हणवला गेला. मुलगा झाला ‘ड्रॅक्युला’, म्हणजे ड्रॅकुलचा मुलगा. रुमानी भाषेत ‘ड्राक’ या शब्दाचा अर्थ पुढे सैतान असाही झाला.

विल्किन्सनच्या त्या उल्लेखात सुळांविषयी एक अक्षर नाही आणि स्टोकरच्या टिपणांतही नाही. स्टोकर कधी ट्रान्सिल्व्हेनियाला गेलाही नव्हता. व्लाडचे चरित्र वाचून ड्रॅक्युला घडवला, ही समजूत मुख्यतः १९७२ मध्ये आलेल्या एका गाजलेल्या पुस्तकानंतर फैलावली.

१९/
व्लाड आणि वेताळ यांची गत किती सारखी आहे पाहा. एकाला तळटिपेने व्हॅम्पायर केले, दुसऱ्याला शीर्षकाने. रुमानियात व्लाडकडे तुर्कांशी झुंजलेला राजा म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. पर्यटक मात्र त्याच्या नावाचे दात विकत घेतात.

२०/
मग खरा पूर्वज कोण? त्यासाठी अठराव्या शतकातल्या सर्बियात जावे लागते. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. गावांत एकापाठोपाठ एक माणसे मरू लागली की आधी मेलेल्या कोणावर तरी संशय येई. कबर उकरली जाई. प्रेत फुगलेले, तोंडाशी रक्त आलेले दिसले की काळजात खुंटी ठोकून ते जाळले जाई. १७३२ मध्ये मेद्वेजा गावातील अशा प्रकरणाची लष्करी शल्यवैद्यांनी चौकशी केली. तो अहवाल युरोपभर गाजला आणि त्याच वर्षी ‘व्हॅम्पायर’ हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रांत झळकला. पुरलेले प्रेत कुजताना फुगते आणि तोंडातून रक्तासारखा द्रव येतो, हे आज कोणताही न्यायवैद्यक तज्ज्ञ सांगेल. शेवटी १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसाने अशा उकराउकरीवर बंदी घातली.

२१/
हा व्हॅम्पायर खेडूत होता. त्याला उमराव केले साहित्याने. १८१९ मध्ये जॉन पोलिडोरीच्या कथेत लॉर्ड रुथवेन आला, देखणा आणि थंड नजरेचा. १८७२ मध्ये शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ आली आणि तिची पार्श्वभूमी होती स्टायरिया. स्टोकरने आपल्या नायकाला आरंभी स्टायरियात का बसवले, याचा धागा इथे सापडतो. ले फानूही डब्लिनचाच होता.

सूर्यप्रकाशाने मरणे ही तर सिनेमाची देणगी आहे. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. उन्हाने पिशाच विरघळवले ते १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटाने. झगा आणि केस मागे वळवलेला चेहरा जगभर रूढ झाला तो बेला लुगोसीच्या १९३१ च्या चित्रपटातून.

२२/
आता निवाडा करू. स्टोकरला बर्टनकडून वेताळाविषयी काही ऐकू आले असेल का? शक्य आहे. त्यावरून ड्रॅक्युला घडला, याला त्याच्या टिपणांत आधार आहे का? नाही. ‘शक्य’, ‘संभाव्य’ आणि ‘सिद्ध’ या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. फिरणारा संदेश पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतो. बदलापुरात घोडे बदलत म्हणून ते ‘बदलापूर’, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकायला नीट जुळते, पण जुळणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते.

२३/
दोघांना शेजारी उभे केले तर साम्यापेक्षा फरकच अधिक दिसतो. व्हॅम्पायर म्हणजे मेलेला माणूस स्वतःच्याच देहात परतलेला. वेताळ हा मुळात माणूस नाही. तो परक्या प्रेतात तात्पुरता शिरतो. व्हॅम्पायरला रक्त हवे, कथेतल्या वेताळाला उत्तर हवे. ड्रॅक्युला बोलावल्याशिवाय घरात शिरू शकत नाही, तर कोकणातला वेताळ दुसऱ्या कोणी गावात शिरू नये म्हणून वेशीवर उभा असतो.

भारतात व्हॅम्पायरचा नातलग शोधायचाच असेल तर ‘आईने अकबरी’ उघडा. सिंधमधील ठठ्ठ्याच्या वर्णनात अबुल फज़ल ‘जिगरखोर’ सांगतो. हा नजरेने आणि मंत्राने माणसाचे काळीज काढतो आणि डाळिंबाच्या दाण्याएवढे करून पोटरीत लपवतो, असा समज तो नोंदवतो. वेताळापेक्षा हा व्हॅम्पायरच्या जवळचा. तरीही ड्रॅक्युला सिंधी होता, असे कोणी म्हणणार नाही.

२४/
शेवटी वेशीवरच्या वेताळाकडे येते, कारण हा धागा लिहिण्याचे खरे कारण तोच आहे.

माझी आजी सिंधुदुर्गातली. तिच्या गावाच्या सीमेवर वेताळ आहे. गोवा आणि दक्षिण कोकणात त्याची कितीतरी ठाणी आहेत. आमोणे आणि लोलये इथले बेताळ प्रसिद्ध आहेत आणि बेताळभाटी या गावाच्या तर नावातच तो आहे. जुन्या मूर्ती उघड्यावाघड्या, उग्र असतात. काहींच्या पोटावर विंचू कोरलेला असतो. घाटावर तो बहुधा शेंदूर फासलेला दगड असतो, क्वचित भोवती दगडांचे रिंगण. पुण्याच्या टेकडीला त्याचेच नाव आहे. १८३०च्या दशकात जॉन स्टीव्हन्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने दख्खनमधील अशा रिंगणांचे आणि वेताळपूजेचे वर्णन केले. ही पूजा वैदिक परंपरेबाहेरची आणि जुनी आहे, असे त्याचे मत होते.

२५/
कोकणात काही ठिकाणी वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. तो रात्रभर गावाच्या सीमेवर फेऱ्या मारतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. आजी सांगायची, लहानपणी अंधारात वाट चुकली तर भीती वाटायची, पण वेताळाचा दगड दिसला की जिवात जीव यायचा. आता घर जवळ आले.

यंदा मे महिन्यात माझ्या धाकट्या मामेभावाने तो संदेश वाचून आजीला विचारले, ‘आजी, आपला देव रक्त पितो का गं?’ आजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, ‘तुका कोणी सांगला?’

बाईंनी लाल शाईत विचारले होते तेच.

२६/
‘आपलेच आधीचे’ असे म्हटल्याने आपला मान वाढतो असे त्या संदेशाला वाटते. घडते ते उलटेच. वेताळाला ड्रॅक्युलाचा पूर्वज ठरवायचे तर आधी त्याला रक्तपिपासू ठरवावे लागते. बर्टनचे शीर्षक खरे मानावे लागते आणि वहाणा वाहणाऱ्यांची समजूत खोटी. एवढी किंमत देऊन मिळालेला अभिमान मला नको आहे.

भुताखेतांचा शिक्का मारणे हा निव्वळ शब्दांचा खेळही नाही. सर्बियात तो प्रेतांवर मारला गेला, आपल्याकडे ‘डाकीण’ म्हणून जिवंत बायकांवर. महाराष्ट्राला त्यासाठी २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला.

२७/
उलट्या दिशेच्या भाषांतराची गंमत सांगून थांबते. १९६४ पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून अमेरिकी चित्रकथांचा नायक ‘फँटम’ भारतात आला. मराठीत त्याचे नाव ठेवले ‘वेताळ’. मुखवटा घालून जंगलाची राखण करणारा, दुबळ्यांच्या पाठीशी उभा राहणारा. इंग्रजीने आपल्या वेताळाला व्हॅम्पायर म्हटले आणि मराठीने परक्या राखणदाराला वेताळ म्हटले. हे नाव ऐकल्यावर मराठी माणसाच्या मनात काय उभे राहते, याचा हा मला सापडलेला सर्वांत आवडता दाखला. आणि मराठीला खरोखर व्हॅम्पायर हवा होता तेव्हा नारायण धारपांनी वेताळाला हात न लावता ‘लुचाई’ हे नवे नाव घडवले.

२८/
आता तुमच्यासाठी काम. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या आसपासच्या गावांत किंवा तुमच्या मूळ गावी वेताळाचे ठाणे असेल तर जाऊन पाहा. दगड आहे की मूर्ती, तोंड कोणत्या दिशेला, काय वाहतात, कोणत्या दिवशी, हे टिपून ठेवा. सांगणाऱ्याचे वय आणि तारीख लिहायला विसरू नका. ती माहिती खाली प्रतिसादात द्या, पण ऐकीव असेल तर ऐकीव म्हणूनच द्या.

तो संदेश पुन्हा आला तर भांडू नका. एकच शब्द लिहून पाठवा.

(धागा समाप्त. पुढील धागा : शिलाहारांचे ताम्रपट कसे वाचतात?)